सेकंदाला बावीस मीटर

"करंट लावायचा असंल तं मी न्हाई बाई, मी चालले," असं म्हणत गोजरबाई खुर्चीवरून उठल्याच. अंबडकडच्या एका खेड्यातून त्या सकाळच्या एसटीने आल्या होत्या. बारा वर्षांची साखर, तळपाय सतत निखाऱ्यावर ठेवल्यासारखे, आणि हातात डॉक्टरांची चिठ्ठी, नसांच्या तपासणीची. दैवशालाला अशी माणसं रोज भेटत. जालन्याच्या या दवाखान्यात सहा वर्षं ती हेच मशीन चालवत होती आणि घाबरलेल्या माणसाला काय सांगायचं ते तिला पाठ होतं. मावशी, करंट तुमच्या अंगातलाच आहे. डोक्यातून पायाच्या अंगठ्याला निरोप जातो तो नसेतून विजेसारखाच जातो, आम्ही बाहेरून फक्त एक टिचकी मारतो आणि तो किती जोरात पळतो ते मोजतो. एवढ्यावर बहुतेक लोक बसत. गोजरबाई बसल्या नाहीत. "मंग तुलाच लाव आधी," त्या म्हणाल्या. दैवशाला हसली. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी तिने पट्ट्या चिकटवल्या, मनगटावर दोन टोकं टेकवली आणि पायाने बटण दाबलं. अंगठा जरासा हलला. "पाहा, काहीच झालं नाही," ती सवयीने म्हणाली आणि सवयीनेच तिची नजर स्क्रीनवर गेली. रेघ सरळ पळत होती. जिथे लाट उठायला हवी ती जागा मागे पडली तरी सरळच होती, आणि आता येत नाही असं वाटत असताना कुठेतरी पुढे एक बसका, पसरट उंचवटा आला आणि गेला. "खरंच, तुला तं काईच झालं न्हाई," म्हणत गोजरबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या हाताची लाट वेळेवर आली. साठीतल्या, साखरेने पोखरलेल्या बाईच्या हातातला निरोप तिच्या निरोपाच्या कितीतरी आधी पोचला होता.

हात गार असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. गार हातात निरोप मंदावतो, हे ती इतरांना सांगतच असते. जेवणाच्या सुट्टीत तिने खोलीचं दार आतून लावलं, दोन्ही हात गरम पाण्यात बुडवून ठेवले, पुसले, आणि पुन्हा पट्ट्या लावल्या. आधी मनगटाशी, मग कोपराशी, मधलं अंतर टेपने मोजून. बावीस. सेकंदाला बावीस मीटर. चांगल्या नसेत पन्नासच्या वर हवं. उजव्या हातातही बावीस, शेजारच्या नसेतही जवळपास तेवढंच. मनगटाशी नस दबली असती तर तेवढ्याच ठिकाणी अडलं असतं. इथे सगळीकडे सारखंच मंद होतं, म्हणजे हे आज-काल झालेलं नव्हतं, ती जन्मली तेव्हापासून ते असंच चाललेलं असणार. आणि झटका तिला फारसा लागलाही नव्हता, ज्या जोराला लोक दचकतात त्या जोरालाही नाही. डबा तसाच राहिला. संभाजीनगरला ती हे शिकत होती तेव्हा मुली एकमेकींच्या हाताला पट्ट्या लावून सराव करत, आणि प्रत्येक वेळी मशीनजवळची जागा तीच धरायची. तू कर ना गं, मला झटक्याची भीती वाटते, असं म्हणून दुसरीचाच हात पुढे. भीती खरंच झटक्याची होती का, हा प्रश्न आता, पंधरा वर्षांनी, बंद खोलीत तिच्यासमोर येऊन बसला आणि उठेना. तिने चप्पल काढून आपला पाय पाहिला. तळव्याची कमान उंच, बोटं आखडलेली. रोजचाच पाय. वहाणेच्या दुकानात बोटं आत सरकत नाहीत म्हणून दुकानदार नेहमी एक नंबर मोठा देतो, तो पाय.

दुपारी डॉक्टर साळवे आले तेव्हा तिने त्यांच्यासमोर कागद ठेवला. त्यांनी आकडे पाहिले आणि पेशंटचं नाव शोधलं. "नाव टाकलं नाहीस." "माझंच आहे, सर." प्रितम साळवे तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील, कमी बोलणारे. त्यांनी तिला टाचांवर चालायला सांगितलं. तिला ते जमेना, चवडे खालीच पडत राहिले. त्यांनी गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली, पाय उडाला नाही. "काळजी करू नकोस असं म्हणणार नाही, तुला सगळं माहीत आहे," ते म्हणाले, "पण हे जिवावरचं नाही. फार हळू चालतं. घरात कोणाची चाल वेगळी होती का? वडील, आजी?" दैवशाला म्हणाली, "नाही सर." ते इतकं पटकन बाहेर पडलं की तिला स्वतःलाच नवल वाटलं. डोक्यातून जिभेपर्यंतचा रस्ता जवळचा म्हणूनच असेल.

संध्याकाळी घरी आली तेव्हा अक्षता पायरीवर बसून मोजे काढत होती. नऊ वर्षांची, सडपातळ, गुडघ्यांवर नेहमी एखादी खपली. "चल, आपण टाचांवर चालायची शर्यत लावू," दैवशाला म्हणाली. पोरीने आईकडे संशयाने पाहिलं, मग हात पसरून निघाली. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पावलाला ती हसत सुटली आणि फरशीवर बसली. हसू आलं म्हणून बसली, की बसावं लागलं म्हणून हसली? "पुन्हा चाल," दैवशाला म्हणाली. "नको ना मम्मी." "चाल म्हटलं ना." आवाज चढला होता. हरिओम, तिचा नवरा, सळईच्या कारखान्यातून नुकताच आला होता. त्याने आतून विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, खेळतोय." पोरीने मग चालून दाखवलंच नाही. पुढचे तीन दिवस दैवशाला तिच्या पायांकडेच पाहत होती. जिना उतरताना, रिक्षात चढताना, अंघोळीच्या वेळी. शाळेच्या फाटकातून पन्नास पोरं धावत बाहेर आली तर ती आपल्या पोरीचा चेहरा शोधायच्या आधी पाय शोधायची. आणि त्या पायांच्या मागे दुसरे दोन पाय यायचे, धोतराखालचे, गुडघा उंच उचलून पाऊल आपटत टाकणारे. त्या चालीला गावातली पोरं कोंबडाचाल म्हणायची.

आप्पांची, तिच्या वडिलांची, ती चाल तिने जन्मापासून पाहिली होती. त्यांच्या आईची, सगुणाबाईचीही तशीच होती म्हणे. तिला वारं लागलं असं लोक म्हणत आणि गप्प बसत. पण बाई अडखळली तर वारं लागतं, आणि गडी अडखळला तर त्याने घेतलेली असते. पिंपळगाव रेणुकाईपासून जवळच एका संस्थेची शाळा होती, तिथे आप्पा शिपाई होते आणि त्याच शाळेत ती शिकत होती. चालता चालता त्यांच्या पायातली चप्पल मागे राहून जायची आणि त्यांना कळायचं नाही, दहा पावलांनी कोणी सांगितलं की मागे वळायचे. हातातून खडूचं खोकं पडायचं. घरी आल्यावर आई पाण्याचा तांब्या देण्याच्या निमित्ताने त्यांच्या तोंडाजवळ जायची आणि श्वास आत ओढायची. वास यायचा नाही. मग ती म्हणायची, बडीशेप खाऊन आले असतील. दैवशाला दहावीत होती त्या वर्षीच्या गॅदरिंगला संस्थेचे अध्यक्ष आले. आप्पा सरबताच्या ग्लासांचा ट्रे घेऊन स्टेजच्या पायऱ्या चढत होते. शेवटच्या पायरीला अंगठा अडकला आणि ते ट्रेसकट अध्यक्षांच्या पांढऱ्या कपड्यांवर गेले. आधी काचांचा आवाज झाला, मग क्षणभर काहीच नाही, मग हसू. कोणीतरी म्हणालं, सकाळीच टाकून आलाय. ती तिसऱ्या रांगेत होती. शेजारच्या मीनाने तिच्याकडे पाहिलं, तेव्हा ती वाकून सँडलचा बंद लावू लागली. बंद लावलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी तिला वर्गातून बोलावून घेतलं. बद्रीनाथ सर वाईट नव्हते, आवाजही मऊ होता. "खरं सांग बाळा, वडिलांच्या भल्यासाठीच विचारतोय. घरी पितात का?" टेबलावर एक कागद होता, त्यावर पेन आडवं ठेवलेलं होतं. तिने घरात कधी बाटली पाहिली नव्हती. पण आईचं ते श्वास ओढणं पाहिलं होतं, भिंतीला धरून चालणं पाहिलं होतं, आणि सर वाट पाहत होते, वर्गात भूमितीचा तास चालू होता, आणि हे लवकर संपायला हवं होतं. तिने मान हलवली. वरून खाली, एकदाच. महिनाभराने आप्पांची नोकरी गेली. एकोणीस वर्षांत ते त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. आई गेली तीही त्यांचा श्वास हुंगतच गेली. आणि त्या मानेचं दैवशालाने कोणाला सांगितलं नव्हतं. हरिओमलाही नाही.

रविवारी ती एकटीच गावी गेली. भोकरदनला गाडी बदलून पिंपळगावला उतरली तेव्हा ऊन चढलं होतं. भाऊ कल्याण बायको-पोरांना घेऊन लग्नाला गेला होता, आप्पा एकटेच ओसरीत बाजेवर बसून तुटकं दावं गाठवत होते. बोटांना गाठ जमत नव्हती, ते एक टोक दातात धरत होते. सहा वर्षं ती दिवसाला दहा माणसांचे पाय बघत आली होती आणि या पायांकडे तिने कधी नीट पाहिलं नव्हतं. मांडी भरलेली, गुडघ्याखाली एकदम वाळलेलं. उलट्या ठेवलेल्या बाटलीसारखा पाय, असं पुस्तकात छापलेलं असतं. ती ओळ तिने परीक्षेत लिहिली होती, तिचे मार्कही मिळाले होते. "एकलीच आली? पोरगी न्हाई आणली?" आप्पांनी विचारलं. ती बाजेच्या कडेला बसली. "आप्पा, माझ्यासंगं जालन्याला चला. तुमच्या नसा तपासून घेऊ."

"आता काय तपासायचं राह्यलं? पासष्टी उलटली. हायेत तसे हायेत पाय."

"मला बी निघालंय, आप्पा."

"काय निघालं?"

"तुमचंच."

त्यांनी दावं खाली ठेवलं. तिच्या तोंडाकडे नाही, तिच्या पायांकडे पाहिलं, बराच वेळ. "चप्पल निसटती?"

"कधी कधी."

"कळतं का निसटलेली?"

"आतापर्यंत तं कळतं."

ते बाजेचा खूर धरून उठले आणि खुंटीवरचा सदरा चाचपू लागले. "उद्याच जाऊ, आज राहते मी," ती म्हणाली. "उद्या काहून?" ते म्हणाले. "आत्ता गाडी हाय भोकरदनची. चल जल्दी." गाडीत ते खिडकीशी बसले आणि बाहेरची शेतं पाहत राहिले. ती मात्र सारखी हलत राहिली, पिशवी मांडीवर घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. तिला त्या मानेचं सांगायचं होतं. हसनाबादच्या पुढे सांगू, असं ठरवलं. राजूर आलं की सांगू. गणपतीच्या देवळाकडे जाणारी माणसं उतरली, गाडी रिकामी झाली, कंडक्टर पुढे जाऊन बसला, ऐकायला कोणी नव्हतं, तरी शब्द घशापर्यंत येत आणि मागे फिरत. सगळ्या माणसांत असंच असतं की आपल्याच घराण्यात, असं तिला वाटलं, आणि मग स्वतःचीच चीड आली. नसांवर ढकलायला हे बरं सापडलं होतं.

सोमवारी सकाळी तिनेच त्यांना पट्ट्या लावल्या. आप्पांच्या आणि आजीच्या चालीचं तिच्याकडून ऐकून डॉक्टर म्हणाले होते, मी करतो, तू बाहेर बस. ती नको म्हणाली. वडिलांचा हात आपल्या हातात इतका वेळ कधी धरल्याचं तिला आठवत नव्हतं. अंगठ्याच्या मुळाशी मांस उरलंच नव्हतं, पट्टी हाडावर बसत होती. हातात अठरा आलं. पायाला तिने झटका लावला, वाढवला, आणखी वाढवला, मशीन देऊ शकत होतं तितका दिला. "लागून राह्यलं का, आप्पा?" "न्हाई गं. लावला का?" स्क्रीनवर रेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली. काहीच उठलं नाही. दुसऱ्या पायालाही नाही. तिने कागद काढला आणि डॉक्टरांसमोर ठेवला. साळवे सरांनी आप्पांना जवळ बसवलं. "काका, नसेच्या आत निरोप नेणारा धागा असतो आणि त्याच्यावर वेष्टण असतं. वेष्टणाला मध्ये मध्ये फटी असतात. चांगल्या नसेत निरोप या फटीतून त्या फटीत उड्या मारत जातो. तुमच्या नसांचं वेष्टण जन्मापासूनच नीट बनलेलं नाही, म्हणून तुमचा निरोप पायी चालत जातो. आणि इतकी वर्षं झाल्यावर आतला धागाही झिजतो. मग पावलापर्यंत काही पोचतच नाही. तुमच्या आईकडून तुम्हाला आलं, तुमच्याकडून हिला."

आप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे दारूनं न्हाई हे."

"दारूचा काही संबंध नाही. का, पिता का तुम्ही?"

आप्पांनी मान वळवून दैवशालाकडे पाहिलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. रांगेत पुढच्या माणसाची पाळी असते तेव्हा आपण त्याच्याकडे पाहतो, तसं. "नाही सर," ती म्हणाली. "ते पीत नाहीत. कधीच प्यायले नाहीत." डॉक्टरांनी लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात ती त्यांच्या शेजारी बसली. "तुम्हाला माहीत होतं, मी मान हलवली ते?" तिने विचारलं.

"दाराशीच व्हतो मी. सरांसाठी पाणी घेऊन आल्तो."

"मंग बोलले काहून न्हाई? घरी येऊन मारलं असतं तरी चाललं असतं."

"काय बोलायचं व्हतं. तुही परीक्षा व्हती." त्यांनी आपला तळहात पाहिला. "आन् खरं सांगू का, मलाच वाटाया लागलं व्हतं. तुही माय वास घ्यायची. मंग मी बी कोपऱ्यात जाऊन हातावर फुंकर मारायचो आन् वास घ्यायचो. सगळेच म्हनून राह्यले, तं आपण पीत असू. आपल्याला कळत नसंल." ते हे साधेपणाने सांगत होते, दुसऱ्याच कोणाचं सांगावं तसं. दैवशालाला वाटलं आपण रडू. पण रडू आलं नाही, तिला बसवेना आणि उठवेना. थोड्या वेळाने ते म्हणाले, "डॉक्टरला म्हणावं हे मराठीत लिहून द्या. सही-शिक्क्यानिशी."

कागद घेऊन ते गावाकडे निघाले तेव्हा ती सोबत गेली. भोकरदनला उतरल्यावर ते पिंपळगावच्या गाडीकडे गेलेच नाहीत, सरळ बाजारपेठेमागच्या कॉलनीकडे वळले. बद्रीनाथ सर निवृत्त होऊन तिथे राहत होते, आप्पांना घर ठाऊक होतं. किती वर्षांपासून ठाऊक होतं, हे तिने विचारलं नाही. सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते, बरेच खंगलेले. आप्पांनी नमस्कार केला. "रखमाजी. तुमच्या शाळेत शिपाई व्हतो." सरांनी डोळे बारीक केले. "कोणत्या साली?" आप्पांनी साल सांगितलं. सर आठवत राहिले. गॅदरिंगचं सांगितलं, अध्यक्षांचं सांगितलं. "असेल, असेल. पुष्कळ शिपाई झाले हो," ते मऊ आवाजात म्हणाले. आप्पांनी कागद पुढे केला. सरांनी तो लांब धरून वाचला, ओठ हलवत, शेवटच्या शिक्क्यापर्यंत. मग वर पाहिलं. "बरं. मग यावर माझी काही सही-बिही पाहिजे का?"

दैवशालाच्या तोंडात आलेलं ती बोलणारच होती. आप्पांनी तिच्या दंडावर हात ठेवला. "न्हाई सर," ते म्हणाले. "वाचलं ना तुम्ही बराबर? बस." आणि कागदाची चौघडी करून त्यांनी ती खिशात ठेवली.

स्टँडवर येईपर्यंत ती एकटीच बोलत होती. त्यांना आठवतसुद्धा नाही, तुमचं आयुष्य गेलं आणि त्यांना सालसुद्धा आठवत नाही. आप्पा गुडघे उचलत, पावलं आपटत शांतपणे चालत होते. बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "पोरीचं काय करनार हाय?" ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात घाई नको, मोठी होईल तेव्हा बघू. मला राहवत नाही. दिवसभर तिच्या पायांकडं बघत राहते." आप्पा समोरच्या गर्दीकडे पाहत होते. "बघ. बघायला हरकत न्हाई. पण पोरगी पडली तं आधी तिला पूस, लागलं का म्हणून. काहून पडली ते मंग पुसायचं."

एकोणीस वर्षं ती त्या स्टेजकडे पुन्हा पुन्हा गेली होती, हसण्याकडे, मीनाच्या नजरेकडे, मऊ आवाजाकडे, स्वतःच्या मानेकडे. आप्पा पायरीवर पडले होते, तिथपर्यंत कधी गेलीच नव्हती.

"तुम्हाला लागलं होतं का, आप्पा? त्या दिवशी?"

"काच घुसली व्हती तळव्यात," ते म्हणाले. "दुखलं न्हाई, म्हणून कळलं न्हाई. चार दिवसांनी पाय सुजला तवा तुह्या मायनं पाह्यलं. एवढी व्हती." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. जालन्याची गाडी लागली होती, लोक दाराशी रेटारेटी करत होते. दैवशाला बाकावरून उठली आणि तिथेच, त्यांच्या समोर, जमिनीवर बसली.

"कोणत्या पायात?" ती म्हणाली. "दाखवा."